यादीतली ओळ विभाग बदलते तेव्हा

मोबाइल ॲपमधली लांब यादी बहुधा विभागांत वाटलेली असते. वर मथळा, खाली ओळी. एका मथळ्याखालची ओळ बोटाने धरून दुसऱ्या मथळ्याखाली सोडणे हे क्षणाचे काम दिसते, पण त्यामागचा हिशेब चोख असावा लागतो.

पिंपरी-चिंचवड आणि आसपासच्या गावांची एक यादी घ्यावी. ‘महापालिका’ विभागात चिंचवड, आकुर्डी, भोसरी. ‘ग्रामपंचायत’ विभागात चऱ्होली बुद्रुक, चऱ्होली खुर्द, धानोरे, मरकळ. १९९७ मध्ये चऱ्होली बुद्रुक पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले, इंद्रायणीपलीकडचे चऱ्होली खुर्द खेड तालुक्यातच राहिले. म्हणजे एक ओळ खालून वर गेली: तीनाच्या चार झाल्या, चाराच्या तीन.

पडद्यावरच्या यादीकडे स्वतःची माहिती नसते. विभाग किती, प्रत्येकात ओळी किती, अमुक जागी काय दाखवायचे, हे ती मागच्या साठ्याला विचारत राहते. आयफोनमध्ये ‘ही ओळ हलली’ असे पडद्याला सांगायची सोय २०११ पासून आहे. मात्र साठ्यात गाव जुन्याच विभागात राहिले, तर पडद्याला तीन आणि चाराचा मेळ लागत नाही आणि ॲप तिथेच बंद पडते. चुकीची यादी दाखवत राहण्यापेक्षा हे बरेच म्हणायचे. बोटाने ओढलेल्या ओळीची गोष्ट उलटी असते. तिथे पडदा आधीच बदललेला असतो, फक्त साठा बदलायचा उरतो. नवशिके पडद्यालाही पुन्हा हलवायला सांगतात आणि घोळ होतो.

अँड्रॉइडच्या नेहमीच्या यादीत विभाग असे नसतातच. मथळा हीसुद्धा एक ओळच. शून्यापासून मोजले तर ‘ग्रामपंचायत’ हा मथळा चौथ्या जागी आणि चऱ्होली बुद्रुक पाचव्या. दोघांची अदलाबदल केली, की गाव एकच घर वर सरकून महापालिकेत जाते! साठ्यातली त्याची नोंद तेवढी वेगळी बदलावी लागते.

२०१९ मध्ये ॲपलने आयओएस १३ सोबत निराळी पद्धत आणली. प्रोग्रामरने बदलानंतरची पूर्ण यादी द्यायची. आधीच्या यादीशी ताडून कोणती ओळ कुठे गेली हे यंत्रणाच काढते. अट एकच, प्रत्येक ओळीची ओळख वेगळी हवी. दोन्ही गावांची नोंद नुसती ‘चऱ्होली’ अशी केली तर यंत्रणेला दोन्ही एकच वाटतात आणि गाडी अडते. म्हणून नावाऐवजी गावाचा संकेतांक वापरणे चांगले.

काही ओळी ठरावीक जागांबाहेर जाऊच नयेत अशाही असतात. तेव्हा बोट कुठेही नेले तरी ओळ परवानगीच्या जागीच उतरवता येते. शेवटची ओळ निघून गेल्यावर रिकाम्या विभागाचा मथळा लपवला, तर ती परत सोडायला जागाच उरत नाही. तिथे ‘एकही गाव नाही’ अशी फिकी ओळ ठेवतात.