अग्निकर्म आणि रेडिओफ्रिक्वेन्सी अ‍ॅब्लेशन : साम्य कोठे, भेद कोठे?

अलीकडे जुनाट कंबरदुखीचे व गुडघेदुखीचे रुग्ण मुंबईच्या वेदनाचिकित्सा केंद्रांतील कागद हातात घेऊन आमच्या नागावच्या चिकित्सालयात येऊ लागले आहेत. कागदावर ‘रेडिओफ्रिक्वेन्सी अ‍ॅब्लेशन’ असा सल्ला लिहिलेला असतो आणि रुग्णाचा प्रश्न ठरलेला असतो : “डॉक्टर, नस जाळायची म्हणतात. जाळून घेऊ का?”

या प्रश्नाला आपल्या वैद्यवर्गात दोन उत्तरे ऐकू येतात. पहिले, “मुळीच नको, पाय जाईल.” दुसरे, “हे तर सुश्रुताचार्यांचे अग्निकर्मच, यात नवीन ते काय?” ही दोन्ही उत्तरे रुग्णाच्या उपयोगाची नाहीत, हे मला एका रुग्णाने शिकविले. त्या प्रकरणात चूक माझी होती, म्हणूनच ते येथे मांडीत आहे.

रुग्णवृत्त

दि. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावरील नारळ-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. पडलेली झाडे तोडून, ओंडके उचलून वाड्या मोकळ्या करण्याचे काम पुढे कित्येक महिने चालले. त्या कामापासून कंबर धरलेला, माडावर चढून नारळ पाडण्याचा व्यवसाय असलेला छपन्न वर्षांचा एक पुरुष डिसेंबर २०२१ मध्ये माझ्याकडे आला. वेदना कंबरेत व नितंबात, क्वचित मांडीच्या मागील भागात. एम.आर.आय.मध्ये चकती किंचित सरकल्याचा उल्लेख होता. मी तो अहवाल वाचला आणि गृध्रसी असे निदान करून मोकळा झालो.

हेमंत ऋतू होता, रुग्ण बलवान होता. चरकाचार्यांनी गृध्रसीत सिराव्यध व बस्तीबरोबर अग्निकर्म सांगितले असून त्याचे स्थान घोट्याजवळ कंडरेच्या ठिकाणी निर्दिष्ट केले आहे. त्यानुसार पंचधातूच्या शलाकेने दर आठवड्यास बिंदुदहन केले. प्रत्येक वेळी दोन दिवस बरे वाटे, तिसऱ्या दिवशी दुखणे जागच्या जागी. असे तीन महिने गेले. नारळ पाडण्याचा त्याचा हंगाम दुसऱ्याच्या हाती गेला. अखेर एके दिवशी तो शांतपणे म्हणाला, “डॉक्टर, दुखतंय कमरेत आणि चटके देताय पायाला. असं का?”

त्याला शास्त्राधार सांगता आला असता. परंतु त्याच्या प्रश्नाने मला पुन्हा परीक्षणास बसविले. गृध्रसीची वेदना स्फिक् प्रदेशापासून क्रमाने कटी, ऊरू, जानू, जंघा व पाद यांत उतरते. याची वेदना गुडघ्याखाली कधी गेलीच नव्हती. पुढे वाकले की बरे वाटे. मान वर करून, कंबर मागे ताणून माडाच्या शेंड्याकडे पाहिले की कळ येई. पाय ताठ उचलण्याच्या परीक्षेत काही आढळत नव्हते. हे लक्षण चकतीपेक्षा मणक्यांच्या पाठीमागील लहान सांध्यांकडे, म्हणजे फॅसेट सांध्यांकडे बोट दाखविणारे होते. मी अहवालाची चिकित्सा करीत होतो, रुग्णाची नव्हे.

मार्च २०२२ मध्ये मी त्यास मांडव्याहून बोटीने मुंबईस वेदनातज्ज्ञांकडे पाठविले.

अ‍ॅब्लेशन म्हणजे नेमके काय?

‘नस जाळणे’ हा शब्दप्रयोग भीतिदायक आहे, म्हणून क्रिया समजून घेणे अगत्याचे आहे. प्रत्येक फॅसेट सांध्याची वेदना दोन सूक्ष्म संवेदक शाखांमार्फत वर पोहोचते. क्ष-किरणाच्या सी-आर्म यंत्राखाली पाहत, टोकाखेरीज सर्वत्र आवरण असलेली सुई त्या शाखेलगत नेतात. सुईतून सेकंदाला सुमारे पाच लाख आवर्तनांचा विद्युत्प्रवाह सोडला जातो. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, सुई स्वतः तापत नाही. टोकाभोवतीच्या धातूंतील कण वेगाने आंदोलित होऊन घर्षणाने उष्णता निर्माण होते. सुमारे ८० अंश सेल्सिअस तापमान साठ ते नव्वद सेकंद राखले की काही मिलिमीटर क्षेत्रातील नस निकामी होते. पायाला बळ देणारी मुख्य नाडी यात जाळली जात नाही. सुई तिच्यापासून दूर आहे याची विद्युत्प्रेरणा देऊन आधी खात्री करून घेतात.

ही पद्धत नवी नाही. चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल वेदनेसाठी स्वीट व वेप्सिक यांनी १९७४ मध्ये, तर मणक्याच्या सांध्यांसाठी नॉर्मन शिली यांनी १९७५ मध्ये ती मांडली. गुडघ्याच्या संधिवातात जेनिक्युलर शाखांवर तिचा उपयोग कोरियातील २०११ च्या अभ्यासानंतर वाढला.

तिच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. नसेचा तंतू जळतो, पेशीचा मूळ भाग शाबूत राहतो; त्यामुळे तंतू पुन्हा वाढतो आणि सामान्यतः सहा महिने ते वर्षभरात वेदना परतू शकते. काही दिवस जागा दुखणे वा बधिर होणे संभवते. जंतुसंसर्ग, रक्तस्राव, त्वचादाह क्वचित होतात. रक्त पातळ करणारी औषधे किंवा हृदयातील पेसमेकर असल्यास तज्ज्ञांना आधी सांगणे आवश्यक असते.

साम्य आणि भेद

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील बाराव्या अध्यायात अग्निकर्माचा विधी आहे. त्वचा, मांस, सिरा, स्नायू, संधी व अस्थी यांच्या ठिकाणच्या वायूने अत्युग्र वेदना होत असता तो सांगितला आहे. पिंपळी, शर, शलाका, जांबवौष्ठ, मध, गूळ, स्नेह अशी दहनोपकरणे, वलय-बिंदू-विलेखा-प्रतिसारण असे प्रकार, शरद व ग्रीष्म ऋतूंचा निषेध, आणि बाल, वृद्ध, दुर्बल, भीरू आदी अनर्ह रुग्णांची यादी असा तो काटेकोर विधी आहे. मेळघाटात तान्ह्या मुलांच्या पोटावर तापल्या विळ्याने दिले जाणारे ‘डंबा’चे चटके या यादीच्या पहिल्याच कसोटीवर निषिद्ध ठरतात.

वेदनेवर अग्नीचा प्रयोग, हे साम्य खरे. परंतु आपले दहन वेदनास्थानी दूषित वात-कफाच्या शमनासाठी आहे. ते संवेदक नसेचा छेद करीत नाही व करू नये. अ‍ॅब्लेशन सांध्याला स्पर्शही करीत नाही. ते फक्त निरोप नेणाऱ्यास काही काळ गप्प करते. म्हणून “हे आमचेच” असे म्हणणे दोन्ही शास्त्रांना अन्यायकारक होय.

माझ्या मते खरे साम्य वेगळ्याच ठिकाणी आहे. अ‍ॅब्लेशनपूर्वी तज्ज्ञ त्याच शाखेजवळ थोडे बधिरक औषध टोचून पाहतात. काही तासांपुरती वेदना लक्षणीय उतरली, तरच पुढची क्रिया. निदानपंचकातील उपशय याहून वेगळा काय आहे? गूढलिंग व्याधीची परीक्षा उपशय-अनुपशयाने करावी, हे आपल्या पहिल्या धड्यांतील वचन. माझ्या रुग्णाने दोन दिवसांच्या बऱ्यानंतर प्रत्येक वेळी अनुपशयच सांगितला होता. तो मी तीन महिने ऐकला नाही.

ही निवड किती निर्णायक आहे, हे संशोधनातही दिसते. ड्रायफस व सहकाऱ्यांनी २००० साली कसून निवडलेल्या केवळ १५ रुग्णांत हा उपचार केला; वर्षानंतर ६० टक्के रुग्णांची वेदना किमान ९० टक्क्यांनी कमी होती. याउलट नेदरलँड्समधील २०१७ च्या तीन चाचण्यांत, एकूण ६८१ रुग्णांत, व्यायामास अ‍ॅब्लेशनची जोड देऊन केवळ व्यायामापेक्षा उल्लेखनीय लाभ दिसला नाही. तेथील निवडीचे निकष शिथिल होते, असा आक्षेप पुढे घेतला गेला. पहिला अभ्यास लहान व तुलनागटाविना, दुसरा मोठा पण निवडीत वादग्रस्त. यावरून प्रत्येक कंबरदुखीला हा उपाय नव्हे, इतके तरी निश्चित होते.

वेदनामुक्त काळ आपला

आमच्या रुग्णाची बधिरक परीक्षा अनुकूल आली व अ‍ॅब्लेशन झाले. तीन आठवड्यांनी तो सरळ उभा राहून चिकित्सालयात आला. येथे वैद्याचे काम संपले नाही, सुरू झाले. जी शाखा सांध्याची वेदना नेते, तीच मणक्याला धरून ठेवणाऱ्या खोल स्नायूलाही प्रेरणा देते. म्हणून त्या स्नायूंना बळ देणारा व्यायाम अटळ ठरतो. जागेवरील त्वचा बधिर असेतो तेथे पोटली वा नाडीस्वेद मी दिला नाही. न कळता भाजण्याचा धोका असतो. संवेदना पूर्ववत झाल्यावर अभ्यंग, मृदु स्वेदन, एरंडमूलादी निरूह व तैलाचा अनुवासन बस्ती असा क्रम ठेवला. माडावर चढणे बंद करविले. हेतुपरिवर्जनाविना कोणतीही चिकित्सा अपुरी.

जानेवारी २०२३ मध्ये, दहा महिन्यांनी, वेदना थोडी परतली. मात्र पूर्वीइतकी नव्हे. दुसऱ्यांदा सुई घेण्याची गरज त्यास वाटली नाही. आता तो वाडीत झाडांना पाणी लावतो, सुपारी सोलतो आणि माडावर पुतण्यास चढवितो.

वैद्यबंधु-भगिनींना एवढीच विनंती. रुग्णाने “जाळून घेऊ का?” असे विचारले की प्रथम दुखणे कोठून कोठवर जाते ते त्याच्याच बोटाने दाखवून घ्यावे. बल वा संवेदना कमी होत असेल, मलमूत्रप्रवृत्तीत बिघाड असेल, ज्वर वा वजनात घट असेल, तर ना शलाका, ना बस्ती; त्वरित मोठ्या रुग्णालयात पाठवावे. अन्यथा आपल्या चिकित्सेस आधीच मुदत घालून घ्यावी. मी आता सहा आठवड्यांची घालतो. त्या अवधीत उपशय नसेल, तर निदान पुन्हा तपासतो आणि गरज पडल्यास स्वहस्ते चिठ्ठी लिहून मांडव्याची बोट दाखवितो.