पोच्याचं गणित

शीतपेयाचा रिकामा डबा जमिनीवर उभा ठेवा आणि तोल सावरत एका पायावर त्याच्यावर उभे राहा. साठ किलोचा माणूस तो पेलतो. मग कुणाला तरी डब्याच्या पोटाला दोन्ही बाजूंनी पेन्सिलीने हलकेच टोचायला सांगा. डबा क्षणात चपटा! (बोटं लांब ठेवावीत, माझी एकदा सापडली होती.) भिंत जेमतेम ०.१ मिलिमीटरची. पुस्तकी सूत्राने ती सुमारे २७० किलोला वाकायला हवी, पण प्रत्यक्षात त्याच्या बरीच आधी वाकते. पातळ नळ्यांच्या अभ्यासकांची शंभर वर्षं या तफावतीत गेली.

लोखंडी पत्र्याचा हा स्वभाव इंजिनिअर विल्यम फेअरबर्न यांनी १८४५ मध्ये लंडनच्या मिलवॉलमध्ये पाहिला होता. वेल्समधल्या मेनाय सामुद्रधुनीवर रेल्वे इंजिनिअर रॉबर्ट स्टीफन्सन यांना नळीचा पूल हवा होता, रेल्वेगाडी नळीच्या पोटातून जाणारा. फेअरबर्ननी गोल, लंबगोल, चौकोनी नळ्या मोडून पाहिल्या. खालचा पत्रा ताणाने फाटण्याऐवजी वरचाच चुरगळायचा. म्हणून तिथल्या १८५० च्या ब्रिटानिया पुलाच्या नळ्यांच्या छतात कप्पे आले.

गोल नळीचं सूत्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार झालं, पण प्रयोगाशी जुळेना. कारण नेमकं पकडलं डच इंजिनिअर वॉर्नर कॉइटर यांनी, १९४५ च्या डेल्फ्टमधल्या प्रबंधात: भिंतीच्या जाडीहून लहान पोचाही नळीची ताकद निम्म्यावर आणू शकतो. प्रबंध डचमध्ये, इंग्रजी भाषांतर यायला साठचं दशक उजाडलं. तोवर फायनाइट एलिमेंट पद्धतही रुळू लागली होती. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांचा विमानांच्या सांगाड्यांवरचा लेख १९५६ चा, पद्धतीचं बारसं क्लफनी केलं ते १९६० मध्ये. पत्र्याचे बारीक चौकोन पाडायचे, एकेकाचं साधं गणित मांडायचं, कोपऱ्याला कोपरा जोडून सगळी समीकरणं एकदम सोडवायची.

पण कॉम्प्युटरमधली नळी जन्मतःच निर्दोष असते. नवा इंजिनिअर हिशोबाचा पहिला रन लावतो, आकडा सूत्राशी तंतोतंत जुळतो आणि तो खूश होऊन येतो. माझ्या पोटात गोळा येतो तो तिथेच. मग बकलिंगचा पहिला मोड, म्हणजे नळी सगळ्यात आधी ज्या आकारात वाकते तो, घ्यायचा, त्याची लाट जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी करून मेशमध्ये, म्हणजे चौकोनांच्या जाळीत, मिसळायची आणि रन पुन्हा लावायचा. आकडा धाडकन खाली येतो. नासाने २०११ मध्ये हंट्सव्हिलला साडेसत्तावीस फूट व्यासाचं नळकांडं ठिपक्यांनी रंगवून मुद्दाम चेपलं, तेही अशा नळ्यांच्या ताकदीचे जुने सावध आकडे कितपत खरे हे तपासायलाच.

मोटारीत हाच पोचा कामाला येतो. बंपरमागच्या क्रॅश बॉक्सने धडकेत मधेच न मोडता घडीवर घडी घालत धक्का गिळायचा असतो. ही धडक कॉम्प्युटरवर चालवताना ५ मिलिमीटरच्या मेशला वेळेची पायरी पडते सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढी. म्हणजे दशांश सेकंदाच्या धडकेसाठी एक लाख पायऱ्या. पहिली घडी कुठे पडावी हे नशिबावर सोडत नाहीत. पत्र्यात आधीच आडवी खाच दाबलेली असते. ड्रॉइंग तपासताना एका मुलाने ती लाल पेनाने ‘दोष’ म्हणून गोल केली होती.