दोन थरांमधली जाळी

जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक नुसते अंथरले तर गोधडी होत नाही. धावदोरा पडेपर्यंत थर सरकत राहतात. विमानाच्या पंखाचं दुखणंही हेच आहे.

बोइंग ७८७ च्या सांगाड्याचं निम्मं वजन कंपोझिटचं असतं. आपल्या तेजसमध्येही हे प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास आहे. यातलं बहुतेक कंपोझिट थराथरानं रचतात. एकेक थर पाव मिलिमीटरहून पातळ. त्यात पाच ते सात मायक्रॉन जाडीचे कार्बनचे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारं इपॉक्सी रेझिन. रचलेले थर ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखाली, साधारण १८० अंश सेल्सिअसला भाजून पक्के करतात. तंतूंच्या दिशेनं ओढलं तर हा पदार्थ पोलादालाही हार जात नाही. पण दोन थरांच्या मधे आडवा तंतू एकही नाही. तिथे नुसतं रेझिन, आणि तेही ठिसूळ. देखभाल करताना हातातून पाना निसटून पंखावर पडला, तर वर जेमतेम खूण दिसते. आत मात्र थर सुटलेले असू शकतात. म्हणून तंत्रज्ञ नाण्यानं टकटक करून कान देतात. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या जागी बद्द.

धावदोऱ्याचा उपायही झाला. पण सुई आरपार जाताना कार्बनचेच तंतू तुटतात, वाकतात. थरांच्या मधे थर्मोप्लास्टिकचे बारीक कण पेरणं हा दुसरा मार्ग, आणि तो विमानांत रुळलाही आहे. मला सर्वांत भावतो तो तिसरा: पॉलिमरच्या अतिसूक्ष्म धाग्यांची जाळी मधे अंथरायची. या कल्पनेचं अमेरिकी पेटंट युरिस झेनिस आणि डॅरेल रेनेकर यांना २००१ मध्ये मिळालं.

ही जाळी विणत नाहीत, उडवतात. सिरिंजमध्ये नायलॉनचं द्रावण, सुईच्या टोकाला हजारो व्होल्टचा विद्युतदाब. टोकावरचा थेंब आधी गोल असतो, मग ओढला जाऊन शंकूसारखा होतो आणि त्याच्या अणकुचीतून एक धार सुटते. थोडं अंतर ती सरळ जाते, मग चाबकासारखी हेलकावत वेटोळी घेते. वाटेतच द्रावक उडून जातो आणि समोरच्या पत्र्यावर पांढुरकी साय धरू लागते. तिच्यातला धागा काहीशे नॅनोमीटरचा, म्हणजे केसापेक्षा शेकडो पटींनी बारीक. अशा जाळीचं वजन चौरस मीटरला जेमतेम काही ग्रॅम भरतं. जिथे ग्रॅमाग्रॅमचा हिशेब होतो तिथे हे फार मोलाचं.

पॉलिमर मात्र पारखूनच घ्यावा लागतो. नायलॉन ६६ साधारण २६० अंशांना वितळतो, म्हणून भाजणीत त्याचे धागे धागेच राहतात. पॉलिकॅप्रोलॅक्टोन ६० अंशांनाच वितळतो आणि रेझिनमध्ये मिसळून जातो. तो चिवटपणा देतो तो वेगळ्या वाटेनं. रेझिन जाळीत नीट मुरलं नाही तर मधे पोकळ्या राहतात आणि जोड उलट कच्चा होतो. नायलॉन ओल धरतो, तीही काळजी आहेच. शिवाय सुईच्या टोकावरून पंखभर जाळी काढणं वेळखाऊ काम. म्हणून हल्ली अनेक ठिकाणी सुईशिवायची यंत्रं वापरतात.

जाळीचा उपयोग किती होतो ते पाहायच्या चाचणीत थर रचून केलेल्या पट्टीचे दोन्ही पदर हळूहळू फाकवतात. बिनजाळीची साधी पट्टी टचकन उकलत जाते. जाळीच्या पट्टीत चिरेला वाटेत धागे आडवे येतात. ते ताणले जातात, रेझिनमधून ओढले जातात, मग तुटतात, आणि दर पावलाला चिरेला जास्त जोर खर्चावा लागतो. नंतर तो उकललेला पृष्ठभाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की दिसतात ते ताणून लांबलेले, टोकाला तुटलेले धागे.