टचडाउन जीझसच्या आवारात

अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळाडू चेंडू घेऊन समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे पोचला की पंच दोन्ही हात सरळ वर करतो. टचडाउन झाल्याची ही खूण. इंडियाना राज्यातल्या नोटर डेम विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये बसून उत्तरेकडे पाहिलं, तर अगदी तसेच हात वर केलेले येशू ख्रिस्त दिसतात. ग्रंथालयाच्या उंच भिंतीवर रंगीबेरंगी दगडांतून साकारलेलं हे भव्य चित्र मिलर्ड शीट्स या कलावंताचं. १९६४ साली ते उभं राहिलं तेव्हा शिष्यांच्या आणि विद्वानांच्या मेळ्यात उभा असलेला, ज्ञान देणारा येशू शीट्स यांच्या मनात होता. विद्यार्थ्यांच्या मनात मात्र शनिवारची मॅच होती. त्यांनी या चित्राला ‘टचडाउन जीझस’ म्हणायला सुरुवात केली आणि आज जगभर ते त्याच नावाने ओळखलं जातं.

येशूंना एकटं वाटू नये याचीही सोय झालेली आहे. ग्रंथालयाच्याच एका बाजूला मोझेसचा पुतळा आहे. एक बोट आकाशाकडे रोखून तो देव एकच असल्याचं सांगतो. विद्यार्थ्यांच्या लेखी तो ‘आपण पहिल्या नंबरवर’ असं बजावणारा ‘नंबर वन मोझेस’. थोड्या अंतरावर फादर विल्यम कॉर्बी यांचा पुतळा आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, जुलै १८६३ मध्ये, गेटिसबर्गच्या रणांगणावर आयरिश सैनिकांना पापमुक्तीचा आशीर्वाद देण्यासाठी त्यांनी हात उंचावला होता. पुतळ्यात तोच क्षण पकडला आहे. आता योगायोग असा, की उंचावरून येणारा चेंडू मी झेलणार आहे, मला धक्का देऊ नका, असं सांगायला फुटबॉलपटूही असाच एक हात वर करतो. या खुणेला ‘फेअर कॅच’ म्हणतात. मग फादरांचं नाव ‘फेअर कॅच कॉर्बी’ पडलं, यात नवल नाही.

ही थट्टा करणारी मुलं धर्म न मानणारी असतील असा बाहेरच्या माणसाचा समज होईल. प्रत्यक्षात इथले दहातले जवळपास आठ विद्यार्थी कॅथलिक आहेत. विठ्ठलाला ‘विठ्या’ म्हणून हाक मारणाऱ्या आणि त्याच्याशी कडाकडा भांडणाऱ्या जनाबाईंची परंपरा ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही सलगी परकी वाटू नये. देव घरचा असला की त्याची चेष्टाही घरचीच होते.

हे विद्यापीठ १८४२ साली एडवर्ड सोरिन नावाच्या तरुण फ्रेंच धर्मगुरूने सुरू केलं. ते होली क्रॉस या संघाचे. नोव्हेंबरच्या कडाक्याच्या थंडीत साउथ बेंड गावाजवळच्या त्या जागी पोचले, तेव्हा तिथली दोन तळी बर्फाखाली एकच दिसत होती, असं सांगतात. म्हणून संस्थेचं पूर्ण नाव ‘तळ्याकाठची आपली माता’ अशा अर्थाचं, ‘नोटर डेम ड्यू लॅक’ असं पडलं. नाव फ्रेंच असलं तरी उच्चार पुरता अमेरिकन झाला आहे. त्या नावाचं शेपूट, ‘ड्यू लॅक’, हेच विद्यार्थ्यांसाठीच्या नियमपुस्तिकेचं शीर्षक. ‘ड्यू लॅकमध्ये काय लिहिलंय?’ असं कुणी विचारलं, तर तो तळ्याविषयी नव्हे, शिक्षेविषयी विचारतो आहे असं समजावं.

१८७९ च्या एप्रिलमध्ये मुख्य इमारत आगीत भस्मसात झाली. शेकडो मजूर कामाला लावून सोरिन यांनी त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ती पुन्हा उभी केली, आणि तीन वर्षांनी तिच्यावर घुमट चढवला. घुमटाला सोन्याचा वर्ख आहे आणि त्यावर मरियामातेची सुमारे १९ फुटी मूर्ती. या घुमटाला, म्हणजे ‘डोम’ला, विद्यापीठाच्या बोलीत मोठं स्थान आहे. इथला विद्यार्थी ‘डोमर’. इथूनच दुसरी पदवी घेतली तर ‘डबल डोमर’, आणि तिसरी घेतली तर ‘ट्रिपल डोमर’. घुमटासमोरचं, बॅसिलिकेच्या शेजारचं हिरवळीचं चौकोनी आवार म्हणजे ‘गॉड क्वाड’. मुख्य इमारतीच्या दर्शनी पायऱ्या पदवी मिळेपर्यंत चढायच्या नाहीत, असा संकेत आहे. चढलात तर पदवी हुकते म्हणतात. हा नियम कुठल्या पुस्तिकेत नाही, तरीही चार वर्षं बाजूच्या दाराने जाणारे असंख्य आहेत. पदवीदानाच्या दिवशी मात्र त्याच पायऱ्यांवर फोटोसाठी झुंबड उडते.

बाकीची बोली रोजच्या वापरातून घासून गुळगुळीत झालेली आहे. लाफॉर्च्यून विद्यार्थी केंद्राचं ‘लाफन’ झालं. थिओडोर हेसबर्ग हे १९५२ ते १९८७ अशी पस्तीस वर्षं विद्यापीठाचे अध्यक्ष होते. त्यांचं नाव ग्रंथालयाला दिलं, तर परीक्षेच्या दिवसांत रात्र रात्र तिथे मुक्काम ठोकणाऱ्यांनी त्याचं ‘क्लब हेस’ करून टाकलं. युद्धात मरण पावलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ बांधलेलं कारंजं म्हणजे मोठमोठ्या दगडी चौकटी. ते ‘स्टोनहेंज’ झालं. संघ जिंकला की मुलं त्या कारंजातून ओली होत पळतात.

पण या सगळ्या बोलीचा खरा उगम मैदानावर नाही, हॉस्टेलात आहे. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांत फ्रॅटर्निटी आणि सोरोरिटी असतात. ग्रीक अक्षरांची नावं घेतलेल्या, पारखून सभासद करून घेणाऱ्या या टोळ्या नोटर डेममध्ये नाहीत. त्यांची जागा तीसहून अधिक निवासी ‘हॉल’नी घेतली आहे. मुलांचे हॉल वेगळे, मुलींचे वेगळे. कुणी कुठल्या हॉलमध्ये जायचं हे विद्यार्थी ठरवत नाही. पहिल्या वर्षी नशिबाने जो हॉल मिळेल तोच पुढे आपला, आणि किमान तीन वर्षं आवारातच राहायचं. प्रत्येक हॉलला स्वतःचं प्रार्थनागृह आहे, स्वतःचं बोधचिन्ह आहे, आणि रविवारी रात्री पायजम्यात येऊन बसलं तरी चालेल अशी मिस्सा आहे. हॉलचा प्रमुख ‘रेक्टर’. हा शब्द आपल्याकडच्या हॉस्टेलातल्या मुलांना नवा नाही. फरक एवढाच, की इथला रेक्टर त्याच इमारतीत राहतो, आणि तो अनेकदा धर्मगुरू असतो. मुलींच्या हॉलमध्ये रेक्टर सिस्टर किंवा प्रपंचातली बाई असते.

रेक्टर आला म्हणजे वेळेचं बंधन आलं. त्या बंधनाचं नाव ‘परायटल्स’. मुलाच्या खोलीत मुलगी किंवा मुलीच्या खोलीत मुलगा असेल, तर रविवार ते गुरुवार मध्यरात्री बारापर्यंत आणि शुक्रवार-शनिवार रात्री दोनपर्यंत बाहेर पडायचं. ही वेळ चुकवणं म्हणजे ‘परायटल्स मोडणं’, आणि ते गंभीर मानलं जातं. कित्येक पालकांना हा नियम दिलासा देतो, तर वीस-एकवीस वर्षांच्या मतदाराला घड्याळ दाखवून बाहेर काढणं विद्यार्थ्यांना पोरकट वाटतं. विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात दर काही वर्षांनी हा वाद नव्याने पेटतो.

बंधनातून विनोद निघतो, तसा इथेही निघाला. ‘एसवायआर’ ही तीन अक्षरं इथला प्रत्येक विद्यार्थी ओळखतो. त्यांचा पूर्ण उच्चार जरा अशिष्ट आहे. भावार्थ असा, की आपल्या रूममेटला गोत्यात आणा. हॉलचा नाच असला की रूममेटची जोडी त्याला न विचारता, अनोळखी मुलीशी जमवून द्यायची आणि लांबून गंमत बघायची. १९७२ पर्यंत या विद्यापीठात पदवीसाठी मुलींना प्रवेश नव्हता. त्या रस्त्यापलीकडच्या सेंट मेरीज कॉलेजात शिकत. तिथल्या आणि इथल्या हॉलांमधलं संकोचाचं अंतर अशा खोड्यांनी भरून निघत असे. २००२ साली विद्यापीठाने मद्यपानाचे नियम कडक केले आणि हॉलच्या आतले नाच बंद केले. नाच बाहेरच्या सभागृहांत गेले. नाव मात्र बदललं नाही.

हॉलच्या परंपरा एकाहून एक वेगळ्या आहेत. फिशर हॉलच्या मुलांनी वसंतात सेंट मेरीज तळ्यावर घरी बनवलेल्या होड्यांची शर्यत सुरू केली. त्यातल्या काही होड्या काठापासून फार लांब जात नाहीत. कीनन हॉलचा ‘रिव्ह्यू’ म्हणजे नकला आणि नाट्यछटांचा प्रयोग. त्यात रेक्टरपासून अध्यक्षांपर्यंत कुणाचीही गय नसते. सेंट मेरीजच्या मुलींवरचे त्यातले विनोद मात्र खेळकरपणाची हद्द ओलांडतात, अशी टीका बरीच वर्षं झाली. पहिला बर्फ पडला की नॉर्थ क्वाड आणि साउथ क्वाड यांच्यात मध्यरात्री बर्फाच्या गोळ्यांची लढाई जुंपते. १९७२ पासून चालू असलेल्या ‘बुकस्टोअर बास्केटबॉल’ स्पर्धेत शेकडो संघ उतरतात. जुन्या पुस्तकांच्या दुकानामागच्या कोर्टावर ती सुरू झाली, म्हणून हे नाव. पाऊस आला, गारा पडल्या तरी सामना थांबत नाही, आणि संघांची नावं जितकी चावट तितकी बरी.

हॉलचा अभिमान नेहमीच निरुपद्रवी नसतो. झाम हॉलची मुलं परीक्षेच्या तोंडावर जवळजवळ उघड्या अंगाने ग्रंथालयातून धावत जात. त्याला ‘बन रन’ म्हणत आणि बघणारे हसत. पण हॉलमधलं एकूण वातावरण सुधारत नाही, असं कारण देऊन २०२१ मध्ये विद्यापीठाने झामची बिरादरीच बरखास्त केली. या आपलेपणाबाहेर राहिलेलेही होते. समलिंगी विद्यार्थ्यांना अधिकृत संघटना मिळायला २०१२ च्या अखेरीचा निर्णय यावा लागला. त्याआधी अनेक वर्षं अशा मागण्या नाकारल्या गेल्या होत्या. एकाच घरासारख्या बांधलेल्या आवारात, ज्याला घरातला मानलं जात नाही त्याचं एकटेपण जास्त टोचतं.

बाहेरचं असण्याचा अनुभव या विद्यापीठाच्या जुन्या ओळखीतही आहे. इथले संघ ‘फायटिंग आयरिश’ म्हणवतात. ही आधी शिवी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकेत कॅथलिक म्हणजे पोपचा हस्तक, आणि आयरिश म्हणजे दारुडा भांडखोर, असा सरसकट समज होता. मे १९२४ मध्ये कॅथलिकांचा द्वेष करणाऱ्या कू क्लक्स क्लॅनने साउथ बेंडमध्ये मेळावा भरवला, तेव्हा नोटर डेमचे विद्यार्थी रस्त्यावर उतरून त्यांच्याशी भिडले. तीन वर्षांनी, १९२७ मध्ये, तेव्हाचे अध्यक्ष फादर मॅथ्यू वॉल्श यांनी ‘फायटिंग आयरिश’ हे नाव अधिकृतपणे स्वीकारलं. मारायला फेकलेला दगड उचलून त्यांनी देवळाच्या पायात बसवला.

त्याच काळात नूट रॉकनी या प्रशिक्षकाच्या हाताखाली इथला फुटबॉल संघ देशभर गाजला. न्यूयॉर्कमध्ये सैनिकी अकादमीविरुद्ध सामना असला की आयरिश, इटालियन, पोलिश वस्त्यांतले कामगार भुयारी रेल्वेने मैदानावर लोटत. विद्यापीठाचं तोंडही न पाहिलेल्या या चाहत्यांना ‘सबवे अलम्नाय’ म्हणजे भुयारी रेल्वेचे माजी विद्यार्थी असं नाव पडलं. कॉलेजची पायरी न चढलेल्या लाखो स्थलांतरितांसाठी हा संघ म्हणजे आपल्या माणसांनी मिळवलेली पत होती. आज विद्यापीठ श्रीमंत आहे, प्रवेश मिळणं दुर्मीळ आहे, तरीही हा शब्द टिकून आहे.

सामन्याचा शनिवार हा इथला सण. आदल्या मध्यरात्री घुमटासमोर ढोलवादन होतं. १९९० पासून दरवर्षी विद्यार्थी एका नव्या टी-शर्टचं अनावरण करतात. त्याला नुसतं ‘द शर्ट’ म्हणतात, सगळं स्टेडियम तोच घालून येतं आणि विक्रीचा पैसा विद्यार्थ्यांच्या उपक्रमांना जातो. सामन्याआधी तळ्याजवळच्या गुहेत मेणबत्त्यांची रांग लागते. फ्रान्समधल्या लूर्दच्या गुहेची ही छोटी प्रतिकृती १८९६ ची. वसईत किंवा गोव्यात चर्चच्या आवारात अशा गुहा पाहिलेल्यांना ती ओळखीची वाटेल. परीक्षा असो, प्रेमभंग असो की मिशिगनविरुद्धचा सामना, मेणबत्ती तिथेच लागते.

या साऱ्या गडबडीतली एक परंपरा आपल्या उपखंडापर्यंत येऊन पोचते. होली क्रॉस संघाचे धर्मगुरू १८५३ पासून पूर्व बंगालमध्ये काम करत आहेत. ढाक्यातलं नोत्रदाम कॉलेजही त्यांचंच. या कामासाठी पैसा उभा करायला विद्यार्थ्यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला मुष्टियुद्धाची स्पर्धा सुरू केली. तिचं नाव ‘बंगाल बाउट्स’. आधी कधी हातमोजे न घातलेली मुलं कित्येक आठवडे सराव करतात, घरोघर आणि हॉलोहॉल तिकिटं विकतात, आणि भरगच्च सभागृहात एकमेकांना ठोसे देतात. मुलींसाठी नंतर ‘बराका बाउट्स’ सुरू झाली, तिचा निधी पूर्व आफ्रिकेतल्या कामाला जातो. बंगाल बाउट्समधून जमणारा पैसा आजही दरवर्षी बांगलादेशातल्या होली क्रॉसच्या शाळा आणि दवाखान्यांना पाठवला जातो, आणि स्पर्धेतली काही मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत ते काम पाहायला तिकडे जातात.