आठपट पाण्याचा हिशेब

शुद्ध केलेले सांडपाणी नदीत सोडल्यावर ते किती पाण्यात मिसळले म्हणजे निर्धोक मानावे, या प्रश्नाला अधिकृत आकडा प्रथम दिला तो इंग्लंडात 1898 साली नेमलेल्या रॉयल कमिशनने. ज्या पाण्यातील मलद्रव्याच्या विघटनास पाच दिवसांत लिटरमागे 20 मिलिग्रॅम प्राणवायू लागतो, ते 2 मिलिग्रॅम मागणीच्या आठपट नदीजलात मिसळले तर मिश्रणाची मागणी 4 भरते, आणि 4 पर्यंत नदी बिघडत नाही, असा 1912 च्या आठव्या अहवालाचा निर्णय होता. हिशेब त्रैराशिकाचा, कोणत्याही कारकुनास तो मांडता यावा, आणि म्हणूनच तो दप्तरांतून इतका दीर्घकाळ टिकला असावा.

त्यात काळाला स्थान नव्हते. ते 1925 मध्ये स्ट्रीटर व फेल्प्स यांनी ओहायो नदीच्या अभ्यासातून दिले. विघटन प्राणवायू ओढते, हवा तो परत पुरवते. या दोहोंच्या ओढाताणीत नदीची सर्वांत हलाखीची स्थिती नळाच्या मुखाशी नव्हे, तर खाली काही मजलांवर येते. मुखाशी नमुना घेणारा अंमलदार समाधानाने परततो आणि तक्रार उठते ती खालच्या गावातून, ती याचमुळे.

पण मिसळणे म्हणजे प्रत्यक्षात काय घडणे, याचा उलगडा होण्यास आणखी तीन दशके जावी लागली. मॉर्टन, टेलर व टर्नर यांनी 1956 मध्ये असे गृहीत धरले की, वर चढणारा प्रवाह भोवतालचे पाणी आपल्या वेगाच्या प्रमाणात आत ओढून घेतो. समुद्रतळाशी सोडलेले हलके सांडपाणी वर येता येता किती पातळ होईल, आणि समुद्र थरांचा असल्यास ते मध्येच कोठे थबकेल, हे सांगणारी पुढील बहुतेक गणिते या साध्या गृहीतावर उभी राहिली. फिशर प्रभृतींच्या 1979 च्या ग्रंथाने हे ज्ञान एकत्र केले आणि कॉर्नेल विद्यापीठातून निघालेल्या ‘कॉर्मिक्स’ने ते संगणकावर आणले.

वरळी व वांद्रे येथे समुद्रात दूरवर नेलेल्या नळांमागे हाच विचार होता. चाळून व वाळू काढून सोडलेल्या पाण्याचे उरलेले काम समुद्राने करावे, असा तो भरवसा. मात्र ओहोटीबरोबर गेलेले पाणी भरतीबरोबर काही अंशी परतते, तेव्हा ज्यात मिसळायचे ते पाणी स्वच्छच असेल, ही 1912 ची अट इतक्या प्रगतीनंतरही मुकाट्याने मान्यच केली जाते. दख्खनच्या नद्यांत तर धरणांखाली वैशाखात आठपट पाणीच कोठून आणावे? अमेरिकेत अशा गणितासाठी दहा वर्षांतून एकदा येणारा, सात दिवसांच्या सरासरीचा नीचतम प्रवाह धरण्याची रीत आहे; आपल्याकडे वार्षिक सरासरी घातली, तर श्रावणातल्या पुराच्या पाण्याने वैशाखातले सांडपाणी कागदावर सहज पातळ होते.