तुळशीचे लग्न आणि घरचे लग्न

प्रबोधिनी एकादशीला चातुर्मास संपतो आणि द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत घरोघर तुळशीची लग्ने लागतात. वृंदावनाला गेरूचा हात फिरतो, उसांचा मांडव उभा राहतो, चिंचा, बोरे, आवळे मांडले जातात. बाळकृष्णापुढे अंतरपाट धरला जातो आणि शेजारच्या मुलांच्या चढ्या सुरातील मंगलाष्टकांत लग्न लागते. अंगणात माणसे पंधरा, फार तर वीस. तरीही या लग्नात काही उणे राहिले, असे कोणाही गृहिणीला वाटत नाही. पुढे माणसांच्या लग्नांचा हंगाम सुरू होतो, आणि तेथे मात्र आमच्या कानी निराळेच येते. मुलगा-मुलगी म्हणतात, मोजक्या माणसांत करू. वडीलधाऱ्यांना वाटते, अशाने कार्य अपुरे राहील.

हे भय निराधार आहे, असे आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो. आश्वलायन गृह्यसूत्र विवाहविधीच्या आरंभी म्हणते की देशाचार व ग्रामाचार निरनिराळे असतात, ते विवाहात पाळावेत. आणि मग सर्वांना समान असा विधी सांगते. त्यासाठी लागते काय? अग्नी, त्याच्या पश्चिमेस पाषाण, ईशान्येस उदककुंभ, थोड्या लाह्या आणि त्या वधूच्या ओंजळीत घालणारा भाऊ. सख्खा नसेल तर भावाच्या जागी असणारा कोणी. पाणिग्रहण, लाजाहोम, अश्मारोहण, आणि मग सप्तपदी : अन्न, बळ, धन, सुख, संतती, ऋतू आणि सातव्या पावलास सख्य. पाहुण्यांची संख्या त्यात कोठेही नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदाही हेच मानतो. ज्यांच्या विधीत सप्तपदी आहे त्यांचा विवाह सातवे पाऊल पडताच पूर्ण व बंधनकारक होतो. विवाह हा नाचगाण्याचा नि खाण्यापिण्याचा सोहळा नव्हे, तो संस्कार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये बजावले. विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, हेही त्याच निर्णयात आहे.

आमची तक्रार आहे ती येथेच. खर्च आवरायचा म्हणून गुरुजींना ‘अर्ध्या तासात उरका’ म्हणून सांगितले जाते, आणि फुलांची कमान, झगमगते व्यासपीठ, छायाचित्रकारांचा ताफा जिथल्या तिथे राहतो. कात्री चुकीच्या कापडावर चालली! ‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ असे आपण हसत म्हणतो. परंतु एका दिवसाच्या थाटासाठी काढलेले कर्ज वधूपिता पुढे वर्षानुवर्षे फेडत बसतो, त्यात हसण्यासारखे काही नाही. २०२० च्या महामारीत लग्नाला पन्नासच माणसांची मुभा होती. त्या वर्षी झालेले संसार आज नांदत आहेत, आणि त्यांचे लग्न अपुरे झाले असे कोणी म्हणत नाही.

खरी कसोटी असते ती नावांची यादी करताना. आमच्या मते ती विधीपासून सुरू करावी. मामा हवाच, तुळशीच्या लग्नातसुद्धा उसाला मामा मानतात. लाह्या घालणारा भाऊ, करवल्या, आत्या, मावशी, आजी-आजोबा, आणि सुखदुःखात पहिल्यांदा धावून येणारे शेजारी. एवढी नावे झाली की थांबावे. याद्यांच्या बैठकीतच दोन्ही घरांनी सारखा आकडा ठरवावा आणि खर्च निम्मा-निम्मा वाटून घ्यावा. वधूकडची पन्नास आणि वराकडची तीनशे, अशी ‘छोटी’ लग्नेही आम्ही पाहिली आहेत. त्यांना छोटी म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही.

वगळलेल्यांचे काय? पहिली अक्षत गणपतीला व कुलदैवताला दिली की जी वृद्ध मंडळी येऊ शकणार नाहीत, किंवा ज्यांना बोलावता येणार नाही, त्यांच्या घरी मुला-मुलीने स्वतः जाऊन नमस्कार करावा आणि कारण सरळ सांगावे. बहुतेक जण रागावत नाहीत. रागावतात ते दुसऱ्याकडून बातमी कळली म्हणून. लग्नानंतरच्या सत्यनारायणाला त्यांना तीर्थप्रसादासाठी बोलवावे. मात्र त्या पूजेचा पुन्हा स्वागतसमारंभ होऊ देऊ नये. हा मोह फार जणांना होतो.

गुरुजींशी आधी तासभर बसावे. आपल्या शाखेचा विधी कोणता, प्रत्येक कृतीचा अर्थ काय, हे वधूवरांनी विचारून घ्यावे. पन्नास माणसांत गुरुजींचा आवाज मागच्या पाटापर्यंत पोहोचतो, अर्थ सांगायला त्यांना उसंतही मिळते.

आणखी एक विधी अलीकडे बहुधा नावापुरताच उरला आहे. विवाहाच्या दिवशी सांजवेळेनंतर वधूला ध्रुव, अरुंधती आणि सप्तर्षी दाखवायचे असतात. भाड्याचे कार्यालय त्याआधीच रिकामे करून द्यावे लागते, तेव्हा गुरुजी भर दुपारी छताकडे बोट दाखवून मोकळे होतात. घरच्या अंगणातील लग्नात घाई कोणालाच नसते. जेवणे होतात, पाने उचलली जातात, दिवेलागण होते. आणि आकाश निवळले की आजी नव्या जोडप्याला बाहेर बोलावून उत्तरेकडे पाहायला सांगते.