प्रदर्शनाची दालने : उभारणी, निगा आणि जबाबदारी

माहितीचा प्रसार आणि मालाची विक्री ही दोन्ही कामे एकाच छताखाली साधणारे प्रदर्शनासारखे दुसरे माध्यम नाही. दिल्लीच्या प्रगती मैदानावर १९७२ साली ‘एशिया-७२’ हा आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा भरला. पुढे तेथेच नोव्हेंबर महिन्यात भरू लागलेल्या भारतीय आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्यात राज्याराज्यांची दालने असतात. स्वयंसहाय्यता गटांच्या उत्पादनांसाठी मुंबईत ‘महालक्ष्मी सरस’ भरविण्यात येते. कृषी प्रदर्शने व शालेय विज्ञान प्रदर्शने तर तालुक्यांपर्यंत पोहोचली आहेत. प्रेक्षक दालने पाहून जातो. परंतु ती उभारणारा, सांभाळणारा आणि उतरविणारा एक स्वतंत्र व्यवसाय त्यामागे असतो.

व्यवसायाचे स्वरूप

हा व्यवसाय मुख्यतः भाड्याचा आहे. ॲल्युमिनियमचे खांब आणि त्यांच्या खाचांत बसणारे फलक यांपासून तीन मीटर लांब व तीन मीटर रुंद असा प्रमाण गाळा तयार होतो. हेच साहित्य सुटे करून पुढील प्रदर्शनासाठी नेता येते. एकदा घेतलेले साहित्य जितक्या अधिक वेळा वापरले जाईल, तितका व्यवसाय किफायतशीर ठरतो. याउलट, लाकूड व प्लायवूडची खास दालने आकर्षक दिसली तरी त्यांचा पुष्कळसा भाग एकाच प्रदर्शनात खर्ची पडतो. जागेची पाहणी, आराखडा, वाहतूक, उभारणी, दैनंदिन देखभाल आणि उतरणी हे कामाचे टप्पे होत. सुतार, रंगारी, वीजतंत्री व हमाल अशा अनेकांना त्यातून काम मिळते.

निगा हेच भांडवल

साहित्याची हानी प्रदर्शनापेक्षा वाहतुकीत आणि गोदामात अधिक होते. यासाठी प्रत्येक पेटीवर क्रमांक घालावा व आतील वस्तूंची यादी पेटीतच ठेवावी. फलक एकमेकांवर रचून न ठेवता उभे ठेवावेत. पावसाळ्यात ओल आणि उंदीर यांपासून फलक, कापड व विशेषतः विजेच्या तारा जपाव्यात. उतरणी झाल्यावर साहित्य तपासूनच गोदामात घ्यावे. मोडलेली वस्तू तशीच आत गेली, तर ती पुढच्या प्रदर्शनाच्या आदल्या रात्रीच ध्यानात येते. प्रदर्शन चालू असताना रोज सकाळी दारे उघडण्यापूर्वी दिवे, जोडण्या व फलकांची फेरतपासणी करावी.

मेरठचा धडा

तथापि, हा केवळ शोभेचा किंवा किफायतीचा प्रश्न नव्हे. १० एप्रिल २००६ रोजी मेरठच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनाच्या अखेरच्या दिवशी मांडवाला आग लागून ६५ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. मांडवाचे काम कंत्राटदाराकडे होते, म्हणून जबाबदारीही त्याचीच, असे आयोजकांचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ते अमान्य केले आणि भरपाईचे दायित्व आयोजकांवर ६० टक्के व राज्य शासनावर ४० टक्के ठेवले. काम कंत्राटाने देता येते. जबाबदारी मात्र देता येत नाही, हा या निर्णयाचा बोध आहे. प्रदर्शन भरविणाऱ्या आणि त्यास परवानगी देणाऱ्या दोहोंनीही तो ध्यानी घ्यावयास हवा.

आयोजकांनी काय पाहावे

तात्पुरत्या मांडवांच्या अग्निसुरक्षेसाठी भारतीय मानक ब्युरोची आयएस ८७५८ ही संहिता आहे. मांडवात कृत्रिम धाग्यांचे कापड व दोर वापरू नयेत आणि छत तीन मीटरपेक्षा खाली नसावे, असे ती सांगते. बाहेर पडण्याचे मार्ग एकाहून अधिक व मोकळे ठेवावेत; त्यांवर वाढीव गाळे मांडू देऊ नयेत. वीजजोडणी परवानाधारक वीजतंत्रीकडूनच करून घ्यावी. उघड्या तारा, सैल सांधे आणि एकाच जोडणीवर अनेक उपकरणे यांस मज्जाव असावा. अग्निशामक साधने हाताशी असावीत व ती चालविणारी माणसे नेमलेली असावीत. निविदा स्वीकारताना केवळ कमी दर न पाहता या गोष्टी करारात लेखी घालाव्यात.

ग्रामपंचायतीच्या महिला बचत गटाचा एक गाळा असो वा शाळेच्या पटांगणावरील विज्ञान प्रदर्शन, प्रमाण लहान असले तरी ही दक्षता तितकीच आवश्यक आहे. आलेला प्रत्येक प्रेक्षक सुखरूप घरी परतला, तरच ते प्रदर्शन यशस्वी झाले असे म्हणता येईल.